हौसामावशीचा आवाज आणि निळे पिंड

लग्नाला माणसं मिळतात, मयताला मिळत नाहीत. सिनेमातल्या म्हणतोय मी. खऱ्या मयताला आमच्या मावळात कुणाला बोलवावं लागत नाही, हातातलं काम टाकून सगळी वाडी जमते. पण कॅमेऱ्यापुढचं मयत म्हटलं की एकाची म्हैस व्यायला होते, दुसऱ्याची कंबर धरते आणि तिसरा फोनच उचलत नाही. मी या धंद्यात उभा जन्म काढला, पण मयताची गर्दी एका फोनवर जमली असं एकदाही झालं नाही.

माझा धंदा म्हणजे माणसं पुरवणं. मुळात मी जीपवाला. कामशेत ते पवनानगर वडाप करायचो, म्हणजे जीपमध्ये शिटं भरून न्यायचो. एकदा धरणाच्या कडेला शूटिंगवाल्यांनी जीप अडवली आणि विचारलं, "बाजाराचा सीन आहे, माणसं मिळतील का?" मी म्हटलं, "किती पाहिजेत ते बोला," आणि जीपमधली सगळी माणसं तिथंच उतरवली. त्यांना खरोखरीच बाजाराला जायचं होतं. गिऱ्हाइकांनी मला शिव्या घातल्या, पण जेवण बघून गप्प बसली. तिथून जे सुरू झालं ते गुडघे जाईपर्यंत चाललं. लोणावळ्याचे बंगले, पवनेचा काठ, सोमाटण्याचा नाका, जिथं कुठं कॅमेरा लागेल तिथं सुरेशभाऊची माणसं.

या गर्दीला सेटवर मॉब म्हणतात. मॉबनं काय करायचं? तर काही करायचं नाही, आणि हेच लय अवघड असतं. चालायला सांगितलं की माणूस कवायत केल्यासारखा चालतो. बसायला सांगितलं की कॅमेऱ्याकडं बघतो. आज नेसलेलं लुगडं उद्याही तेच नेसायचं, हे बायकांना पटवताना माझ्या तोंडाला फेस यायचा. "कालचंच नेसून गेले तर लोक काय म्हणतील?" अहो बाई, लोकांना ते कालचंच वाटायला पाहिजे, म्हणून तर!

मयताची तर तऱ्हाच वेगळी. सवाष्ण बाई कपाळ पुसायला तयार होत नाही, आणि का व्हावी? मेलेला माणूस म्हणून झोपायला कुणी तयार होत नाही. त्याला आमच्या धंद्यात एक रीत आहे. जो मेलेला असतो त्याचा शॉट संपला, की कॅमेरा बंद करायचा नाही. त्याला उठवायचं, तोंडात पेढा घालायचा आणि कॅमेऱ्याकडं बघून खळखळून हसायला लावायचं. मरण पुसून टाकायचं. मग कॅमेरा बंद. मी बौद्ध माणूस. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात पिंड नाही, कावळा नाही, दहावा नाही. माझा असल्या गोष्टींवर कणभर विश्वास नाही. पण माझी माणसं विश्वास ठेवतात, तर ही रीत मी प्रत्येक सेटवर भांडून पाळायला लावली.

दुसरा नियम माझा स्वतःचा. एका सिनेमात आमच्या वाडीच्या सखारामआबांचं धोतर पळताना सुटलं. खरोखर सुटलं, ते काही कथेत नव्हतं. त्या लोकांनी ते तसंच सिनेमात ठेवलं. गावात पोरं मोबाइलवर ते पुन्हापुन्हा बघायची. आबांनी बाजाराला येणं सोडलं, चावडीवर बसणं सोडलं. देवमाणूस होता तो. त्यानंतर मी प्रत्येक डायरेक्टरला आधी सांगायचो, "तुमचा सिनेमा हसायचा असो की रडायचा, माझ्या माणसाचं हसं होणार असेल तर मी माणसं देणार नाही." या शब्दावर माणसं माझ्या जीपमध्ये बसायची. तो शब्द गेला तर माझ्याकडं राहतं काय? एक जुनी जीप.

आता हौसामावशी. पवनानगरच्या पलीकडच्या वाडीतली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळं मयताच्या मॉबला पहिला फोन तिला जायचा. ती येऊन रडायचीही झकास. पण एकदा तिनं मला भर सेटवर झापलं. "सुरेश, मेल्या, मला दर टायमाला रडायलाच आनतोस! कवातरी लग्नाला ने की!" तिचं खरं होतं. पुढच्या लग्नाच्या सीनला मी तिला हिरवं लुगडं नेसवून पहिल्या रांगेत बसवलं. दिवसभर ती बसल्या जागेवरून हलली नाही. जेवायच्या सुट्टीतसुद्धा नाही.

मावशीची एकच अडचण होती, आवाज. ती हळू बोलली तरी पलीकडच्या डोंगरावरचं गुरं राखणारं माणूस "काय वो?" म्हणून विचारील. प्रत्येक सेटवरचा साउंडवाला कान धरून बसायचा. तिचा दोष नव्हता. तिचे मालक दगडखाणीत सुरुंग लावायचे काम करायचे. त्यात ऐन जवानीत त्यांचे दोन्ही कान गेले. त्यांच्याशी ओरडून बोलून बोलून तिचा गळा तसाच झाला, आणि ते गेल्यावरही तसाच राहिला.

तर हा सगळा पसारा सांगायचं कारण म्हणजे मैत्रेयीचा सिनेमा. मैत्रेयी पुण्याची, वयानं माझ्या मुलीएवढी. पहिल्याच भेटीत म्हणाली, "सुरेशदादा, विनोदी सिनेमा आहे, पण लोकांना वाटतो तसा नाही." सिनेमा एका तऱ्हेवाईक चित्रकाराचा. भर उन्हाळ्यात रेनकोट घालतो, बंगल्याच्या दिवाणखान्यात म्हैस बांधतो, आणि चित्रं काढतो ती टेबलाच्या खालच्या बाजूला. स्वप्नात दिसतात तसली चित्रं. चित्रकाराचं काम दिनूकाका करत होते. नाटकात लोकांना हसवून हसवून म्हातारे झालेले नट. चहात बिस्कीट बुडवतानासुद्धा माणसाला हसू येईल असा चेहरा.

पहिल्याच दिवशी लोणावळ्याच्या एका बंगल्यात चित्रांचं प्रदर्शन होतं. चित्रं टेबलांच्या खालच्या अंगाला, म्हणजे बघणाऱ्यानं उताणं पडून टेबलाखाली सरकायचं. माझी सगळी माणसं ओळीनं टेबलाखाली झोपवली. पहाटे उठून, धारा काढून आलेली माणसं ती! दिवे लावेपर्यंत अर्धी घोरायला लागली. साउंडवाला कपाळाला हात लावून बसला. मैत्रेयी मात्र खूश, म्हणाली, "असंच ठेवू, प्रदर्शनाला लोक असेच झोपतात." जागी होती एकटी हौसामावशी. तिच्या टेबलाखालच्या चित्रात झाडाच्या फांद्यांत मासे होते. बाहेर आल्यावर म्हणाली, "ह्ये तर आमचंच हाय. धरान भरलं तवा आमच्या सासऱ्याचा आंबा पान्यात गेला. आमचं मालक म्हनायचं, आता त्याच्या फांद्यांत मासं फिरत आसत्याल." दिनूकाकांना ते इतकं आवडलं की दिवसभर ते तिच्या शेजारीच बसले. तिच्या आवाजाची त्यांच्या कानांना सवय व्हायला मात्र जरा वेळ लागला.

खरा गोंधळ झाला तो दहाव्याच्या सीनला. कथा अशी, की चित्रकार आपण मेल्याचं जाहीर करतो आणि स्वतःचाच दहावा घालतो. आपण झाडामागं लपून बसतो. कावळा पिंडाला शिवत नाही म्हटल्यावर लोक मयताची राहिलेली इच्छा काय असेल म्हणून एकेक वचन देतात. कुणी म्हणतो पोरांना सांभाळू, कुणी म्हणतो कर्ज फेडू, आणि तो झाडामागून सगळं ऐकतो. शेवटी एक जण वैतागून म्हणतो, "राव, तुमची चित्रं आम्हाला कधीच कळली नाहीत!" तेव्हा कावळा शिवतो. वाचून मीसुद्धा हसलो होतो.

पवनेच्या काठाला एका उंबराखाली सेट लागला. दिनूकाकांच्या फोटोला हार घातला होता. आणि पिंड बघितले तर निळे! चित्रकाराचा दहावा म्हणून कलावाल्यांनी भाताला निळा रंग दिलेला. बायकांमध्ये कुजबूज सुरू झाली. हौसामावशीची कुजबूज नदीपलीकडं गेली. "आगं पोरी, निळ्या भाताला कावळा काय, कुत्रं बी शिवायचं न्हाई!"

मैत्रेयीनं माझ्याकडं पाहिलं. गंमत बघा, ज्याच्या घरात तीन पिढ्या पिंड नाही, त्याच्याकडं ती विचारायला आली. पण सेटवर इतके दहावे बघितले होते की मला तोंडपाठ. म्हटलं, "भात बदला." पांढरा भात आला. कावळा आला नाही. दही आणलं, वडे आणले. कावळा आला नाही. कावळा काही शिकवून आणता येत नाही, तो आपला आपण यावा लागतो. आणि पवनेच्या काठचे कावळे आता आपले राहिलेत कुठं? काठानं सगळीकडं तंबू झालेत. शनिवार-रविवारी पाहुणे येतात, शेगडीवर कोंबडी भाजतात. आमचे कावळे तंदुरी खाऊन तट्ट फुगलेले. पलीकडच्या तंबूंवर ओळीनं बसून ते आमच्याकडं बघत होते. भाताकडं कोण येतो?

दुपार कलली. मैत्रेयी रडकुंडीला आली. शेवटी म्हणाली, "कट. कावळा नंतर कॉम्प्युटरवर करू."

मी लगेच ओरडलो, "कॅमेरा बंद करू नका! दिनूकाका हसायचेत!" फोटोला हार घातलेला जिवंत माणूस, त्याला हसवल्याशिवाय कसं चालेल? कॅमेरावाल्यानं मान हलवली आणि कॅमेरा चालू ठेवला. दिनूकाका झाडामागून निघाले. मी जीपमधून पेढ्याचा पुडा काढला.

तेवढ्यात हौसामावशी उठली. तिनं 'कट' ऐकलं होतं. इतक्या वर्षांत एवढं तिला पक्कं ठाऊक, की कट म्हटलं की आपण मोकळं. ती पिंडापाशी गेली, पदर खोचला, आणि नदीकडं तोंड करून अशी ओरडली की माझ्या हातातला पुडा खाली पडला.

"अवोऽऽ! ऐकू येतंय का?"

तंबूंवर होते नव्हते तेवढे सगळे कावळे उडाले.

"जल्मभर तुमच्या पाठीमागं तुमाला शिव्या घातल्या! त्या तुमाला ऐकू आल्या न्हाईत, लय बरं झालं! पर चांगलं बी बोलायचं व्हतं वो! त्ये वरडून कसं बोलू? सारी वाडी हसली आसती! म्हनून बोललेच न्हाई!" तिचा आवाज फाटला. तिनं श्वास घेतला. "तुमी लय चांगलं व्हता! तुमी घरात आसला की माज्या जिवाला लय बरं वाटायचं! ऐकलं का? लय बरं वाटायचं!"

मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि नेहमीच्या, म्हणजे नुसत्या मोठ्या आवाजात म्हणाली, "झालं. आता शिवा, न्हाई तर नका शिवू."

दिनूकाका फोटोशेजारी तसेच उभे. हसायचं राहूनच गेलं. मावशी मागं वळली, माझ्याकडं बघून म्हणाली, "चल रं, म्हशीची येळ झाली."

जीपमध्ये ती माझ्या शेजारी पुढं बसली. तिनं सांगितलं ते असं. मालकांच्या खऱ्या दहाव्यालाही कावळा शिवला नव्हता. दिरानं जमिनीचं वचन दिलं, भावानं पोरीच्या लग्नाचं दिलं. ऊन वर आलं तरी कावळा येईना. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे घरी गेले. ती बायकांत मागं उभी होती, तिला कुणी विचारलं नाही. "आनि सगळी हळूच बोलत व्हती रं," मावशी म्हणाली. "देवाम्होरं बोलल्यावानी. ह्यास्नी काय ऐकू जानार?"

रात्री कळलं की कॅमेरा चालू होता. माझ्याच मूर्ख हट्टापायी! सगळं टिपलं गेलं होतं, आवाजासकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मैत्रेयीला गाठलं. म्हटलं, "ते काढून टाका." ती म्हणाली, "दादा, अख्ख्या सिनेमात याच्याइतकं खरं दुसरं काही नाही." माझं डोकं फिरलं. म्हटलं, "खरं आहे म्हणूनच काढा. तुमचा सिनेमा हसायचा. लोक आधी म्हशीला हसणार, मग टेबलाखाली घोरणाऱ्यांना हसणार, आणि त्याच तोंडानं माझ्या मावशीला हसणार. जे वाडी हसेल म्हणून ती जन्मभर बोलली नाही, त्यावर तुम्ही सगळ्या महाराष्ट्राला हसवणार? आत्ताच्या आत्ता माणसं जीपमध्ये भरतो आणि निघतो." दिनूकाका मध्ये पडले. म्हणाले, "सुरेश, तू तिच्या वतीनं भांडतोयस ते बरोबर आहे. पण बाई इथंच बसलीय. तिला विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. मावशीला बोलावलं आणि लहान पडद्यावर ते दाखवलं. मला वाटलं, ती तोंड झाकून घेईल. तिनं डोळे बारीक करून पाहिलं आणि पहिलं वाक्य म्हणाली, "एवडी म्हातारी दिसती व्हय मी?"

मी म्हटलं, "मावशी, हे थेटरात लागणार. लोक हसतील. तुमची ना असेल तर हे काढून टाकतील, माझा शब्द."

तिनं पडद्याकडं बोट दाखवलं. मग विचारलं, "तितं आवाज येवडाच येतो का?"

मैत्रेयी म्हणाली, "नाही मावशी, याच्या कितीतरी पट मोठा. भिंती हादरतात."

"मग ऱ्हाऊ दे," मावशी म्हणाली. "हसली तर हसू देत." आणि चहा प्यायला गेली. मला काही पटलं नाही, पण शब्द तिचा होता. दिनूकाकांचं हसायचं राहिलं होतं, ते मात्र मी त्यांना तिथल्या तिथं कॅमेऱ्यापुढं हसवून घेतलं. पेढा खाऊन असे हसले की खोकला लागला.

सिनेमा कधी येणार, कधी येणार म्हणता म्हणता लोक विसरून गेले. दरम्यान माझे गुडघे गेले. मॉब आता व्हॉट्सअपच्या ग्रुपवर जमतो, तिकडं माझं काम उरलं नाही. मग एक दिवस मैत्रेयीचा फोन आला, तळेगावात लागलाय म्हणून. मी मावशीला घेऊन दुपारच्या खेळाला गेलो. गार थेटर, माणसं तुरळक. मागं कंपनीतून सुटलेले चार-दोन जण आणि एक-दोन कुटुंबं. लोक हसत होते. म्हशीला हसले, टेबलाखालच्या घोरण्याला तर पोट धरून हसले. मावशी पडद्यावरच्या प्रत्येक ओळखीच्या चेहऱ्याला मोठ्यानं नाव घेऊन हाक मारत होती.

मग उंबर आला, पिंड आले. सखारामआबा डोळ्यांपुढं उभे राहिले. मावशी उठली, पदर खोचला, आणि "अवोऽऽ!" झालं. कावळे उडाले आणि अख्खं थेटर फस्सकन हसलं. मी मान खाली घातली. आपण आत्ता तिला घेऊन उठावं, असं वाटलं.

"त्ये वरडून कसं बोलू?" पडद्यावरून आलं. एक हसू मध्येच थांबलं. "तुमी लय चांगलं व्हता!" मग कुठूनच काही आवाज आला नाही. मागच्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं. मी मान वर केली तेव्हा पडद्यावर नुसती नदी होती.

मी मावशीकडं बघितलं. वाटलं, रडत असेल. ती भुवया चढवून बसली होती.

"बारीक हाय," ती म्हणाली.

"काय?"

"आवाज. त्या पोरीनं भिंती हादरतील म्हून सांगितलं व्हतं. कुटं हादरल्या?"

खेळ सुटला. लोक तिच्याकडं बघत बघत बाहेर गेले. एका बाईनं तिच्या दंडाला नुसता हात लावला. मावशीचं तिकडं लक्षच नव्हतं. ती दाराशी उभ्या असलेल्या थेटरच्या माणसापुढं जाऊन उभी राहिली.

"म्होरला खेळ कवा हाय?"

"सहाला, आजी."

"त्याला मी बसनार हाय. तवा आवाज वाडवायचा. माजी जागा आली की तर लय वाडवायचा."

तो हसला. चांगला माणूस होता. वाकून, मोठ्यानं म्हणाला, "कमी ऐकू येतं का आजी तुम्हाला?"

"मला न्हाई," मावशी म्हणाली.

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "यांच्या मालकांना कमी ऐकू येतं."

त्यानं आमच्या मागं पाहिलं, रिकाम्या खुर्च्यांकडं पाहिलं. "कुठं आहेत ते?"

माझ्या घरात तीन पिढ्या कावळा नाही. तरी म्हटलं, "येतील ते. तुम्ही आवाज वाढवा."